डॉगफाइट शिकायला पुस्तकं सुचवा (फ्लाइट सिमवाल्यांनो, इकडे या)

पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा, दिवसा अंबडला नोकरी आणि रात्री पोरगी झोपली की डीसीएस (लढाऊ विमानांचा सिम्युलेटर गेम). त्यात एफ-१६ घेतलंय. कोल्ड स्टार्ट (बंद विमान चालू करणं) आता डोळे मिटून होतो, लँडिंग जमतं, टँकरकडून हवेत इंधन घेणंही बऱ्यापैकी जमायला लागलंय, पण डॉगफाइट (विमानांची जवळून होणारी लढत) सुरू झाली की माझं सगळं ज्ञान संपतं. एक मित्र हॉर्नेट (एफ/ए-१८) उडवतो. आम्ही समोरासमोर येतो, एकमेकांना पास करतो, मी जीव खाऊन स्टिक ओढतो आणि थोड्याच वेळात तो माझ्या शेपटीला लागलेला असतो. कुठून आला, कसा आला, काही पत्ता लागत नाही.

यूट्यूबवर पोटभर बघून झालंय. एक जण सांगतो वर जा, दुसरा सांगतो खाली जा, आणि व्हिडिओत दोघंही जिंकतात! मला ते 'का' हवंय, म्हणून पुस्तकं. इंग्रजी चालेल, थोडं गणितही चालेल (मेकॅनिकल डिप्लोमा आहे, अगदीच घाबरत नाही). फक्त नुसत्या शौर्यकथा नकोत, म्हणजे त्या आवडतात पण त्यासाठी सावाना (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) आहे. काय वाचावं आणि कुठल्या क्रमाने वाचावं तेवढं सांगा.

रात्रपाळी

कितीही फिरलास तरी शेवटी एकाच पुस्तकाशी येऊन थांबशील. रॉबर्ट शॉ, 'फायटर कॉम्बॅट: टॅक्टिक्स अँड मनुव्हरिंग', नेव्हल इन्स्टिट्यूट प्रेस, १९८५. लेखक स्वतः अमेरिकन नेव्हीचा फायटर पायलट. चारशेच्या वर पानं आहेत, आकृत्या भरपूर, आणि मधे मधे जुन्या एसेसची (खूप विमानं पाडलेल्या पायलटांची) वाक्यं पेरलेली.

पण एक सांगून ठेवतो, ते पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नकोस. पहिलं प्रकरण वेपन्सचं आहे, गनची थिअरी, लीड, मग मिसाईल कसं विचार करतं वगैरे, सगळं कामाचं आहे पण निम्मी जनता तिथेच गार होते आणि पुस्तक कपाटात जातं. तू दुसरं प्रकरण घे, बेसिक फायटर मनुव्हर्स, म्हणजे बीएफएम, डॉगफाइटमधल्या मूळ हालचाली. त्यानंतर तिसरं, सारख्या विमानांची एकास एक लढत. त्यात तो 'अँगल्स फाइट' आणि 'एनर्जी फाइट' (पहिल्यात लवकर शेपूट धरायची, दुसऱ्यात आधी वेग आणि उंची राखायची) असे दोन स्वभाव वेगळे करून दाखवतो. तू आणि तुझा मित्र वेगळी विमानं उडवता म्हणजे तुमचं भांडण खरं तर चौथ्या प्रकरणातलं आहे, पण तिसरं न वाचता चौथं डोक्यात शिरत नाही. पुढे दोन विरुद्ध एक, दोन विरुद्ध दोन, ते जेव्हा विंगमन (जोडीने उडणारा साथीदार) मिळेल तेव्हा.

खग्रास

सॉरी पण पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकलंय का? रोज सर्व्हरवर जा, रोज मर, महिनाभरात आपोआप येतं. ४०० पानं वाचेपर्यंत दुसरा तुला ४०० वेळा पाडून जाईल. एकेकाचं बघितलंय मी, टेबलावर शॉ, भिंतीवर चार्ट, आणि हवेत गेला की दगड.

रात्रपाळी

@खग्रास, रोज मरून एवढंच शिकता येतं की आज मेलो. कशामुळे मेलो हे ज्याला सांगता येत नाही तो तसाच उद्याही मरतो. बाकी दगडांबद्दल सहमत :)

ओझरकर_काका

या विषयावर धागा बघून बरं वाटलं. मी ओझरच्या विमानांच्या फॅक्टरीत हयात घालवली, हायड्रॉलिक्समध्ये, आता निवृत्त. पायलट नाही, त्यामुळे माझं बोलणं त्याच हिशोबाने घ्या. आमच्याकडे आवाजावरून विमान ओळखणं हे लहान पोराला पण येतं, सुखोईने आफ्टरबर्नर लावला की खिडकीची तावदानं आधी सांगतात, मग कान. मिग-२१ चा आवाज वेगळा होता, चिरका, आणि कळेपर्यंत गेलेला असायचा.

नातवामुळे मीही हा खेळ खेळायला लागलो. मला शॉ जड गेला. माझ्यासारख्यांनी 'नो गट्स, नो ग्लोरी' आधी वाचावं. फ्रेडरिक ब्लेस म्हणून अमेरिकन पायलट, कोरियन युद्धात सेबर जेटवर १० विमानं पाडलेला, त्याने १९५५ मध्ये नेलिस हवाईतळावर शिकवताना हे लिहिलं. छोटंसं आहे, सरकारी पुस्तिका आहे, नेटवर मोकळी मिळते. भाषा अशी की समोर बसून दम देतोय. आक्रमक रहा, वेग राख, शेपूट बघत रहा, विंगमनला सोडू नको. सेबर आणि मिग-१५ च्या जमान्यातलं आहे म्हणजे मिसाईल नाही, रडारचा पसारा नाही, त्यामुळे मूळ गोष्ट स्वच्छ दिसते.

मेधा_येवला

काकांशी सहमत, आणि मी तर अजून मागे जा म्हणेन. मी आयएल-२ हा गेम खेळते, दुसऱ्या महायुद्धातली विमानं, आणि माझं स्पष्ट मत आहे की बीएफएम शिकायचं तर जेटमधून उतरा. जेटमध्ये चूक झाली तर ती दोन-तीन मैल लांब जाऊन दिसते, मेसरश्मिटमध्ये ती समोरच्या काचेत दिसते. इंजिनाची ताकद कमी, वेग कमी, त्यामुळे घालवलेली एनर्जी परत मिळत नाही आणि हिशोब लगेच चुकता होतो.

वाचायला म्हणाल तर योहान किलँडरचं 'इन परस्यूट' बघा. ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठीच लिहिलेलं आहे, फुकट पीडीएफ आहे, खुद्द लेखकानेच वाटलेलं, चोरीचं नाही. यात पायलटचं नाही तर खेळाडूचं डोकं गृहीत धरलंय, म्हणजे मान वळवायला हॅट स्विच (जॉयस्टिकवरचं बटण) आहे, अंगाला जी (वळताना पडणारा भार) जाणवत नाही, समोरचा ठिपका तीन पिक्सेलचा आहे, हे सगळं धरून.

आता ते लीड, प्युअर, लॅग, म्हणजे पाठलागात नाक शत्रूच्या पुढे, नेमकं त्याच्यावर, की मागे धरायचं. यावर सगळी पुस्तकं पानंच्या पानं लिहितात आणि नवीन माणूस तरीही नाक कायम शत्रूवरच धरून ठेवतो. आम्ही येवल्याचे, संक्रांतीला तीन दिवस गच्चीवर, त्यामुळे मला हे पतंगावरून कळलं. पेच लागला की नवखा पोरगा फक्त खेचतो. ज्याला कळतं तो बघतो की समोरच्याला ताण आलाय, मग आसारी (मांजाची फिरकी) मोकळी सोडून ढील देतो, लांब जातो, आणि योग्य वेळी खेचतो. लॅग परस्यूट म्हणजे ती ढील. तुझा वेग जास्त आहे, समोरचा आत वळतोय, तू त्याच्याकडे नाक धरलंस तर पुढे निघून जाशील आणि मग शेपूट तुझी. त्यापेक्षा नाक त्याच्या मागे टाक, किंवा वर काढ, वर गेलास की वेग थोडा उंचीत जमा होतो आणि वळण लहान होतं, मग वरून परत खाली त्याच्या आत ये. याला हाय यो-यो म्हणतात. वेग कमी असेल तर उलट, नाक खाली टाकून आतून कापत जा, तो लो यो-यो. तुझ्या यूट्यूबवरचे दोघंही बरोबर होते, फक्त त्यांचे वेग वेगळे होते.

पाथर्डीफाटा

मेधाताई, हे वाचून उठून पाणी पिऊन आलो. म्हणजे वर जायचं का खाली हे माझ्या वेगावर ठरतं, समोरच्याने काय केलं यावर नाही?

मेधा_येवला

दोन्हीवर, पण आधी स्वतःचा स्पीड बघायची सवय लाव. नवीन माणूस तो बघतच नाही.

सातपूर_सीएनसी

डिप्लोमावाला आहेस म्हणून दोन फॉर्म्युले देतो, मग कुठलंही पुस्तक घे, आकृत्या बोलायला लागतील.

सपाट वळणात त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (गुरुत्व प्रवेग गुणिले, 'जी लोडचा वर्ग वजा एक' याचं वर्गमूळ). ६ जी धरू. २०० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ७२० किमी, या वेगाला त्रिज्या साधारण ६९० मीटर. तेच ६ जी ठेवून ३०० मीटर प्रति सेकंदाने वळ, त्रिज्या १५५० मीटर. वेग दीडपट, वर्तुळ सव्वादोनपट! आणि वळण्याचा दर बघ, पहिल्यात सेकंदाला १६.६ अंश म्हणजे पूर्ण चक्कर २२ सेकंदांच्या आत, दुसऱ्यात ११ अंश म्हणजे चक्कर ३२ सेकंदांची. तुझा मित्र तुझ्याआधी दहा सेकंद वळून मोकळा होतो, तेवढ्या वेळात माणूस चहा पिऊन येतो.

मग कमी वेग चांगला का? तर नाही, कारण एका मर्यादेखाली पंखाला ६ जी ओढताच येत नाहीत. पूर्ण जी मिळू शकतात असा सगळ्यात कमी वेग, त्याला कॉर्नर स्पीड म्हणतात. त्याच्या वर असशील तर वर्तुळ मोठं, खाली असशील तर जी नाहीत. आणि तिथे पोचणं सोपं, टिकणं अवघड, कारण ओढलं की ड्रॅग वाढतो आणि वेग गळतो. किती ओढलं तर किती गळतो हाच तो एनर्जी-मनुव्हरेबिलिटीचा सगळा धंदा, अमेरिकन हवाईदलाचा पायलट जॉन बॉइड आणि गणितज्ञ थॉमस ख्रिस्टी या दोघांनी साठच्या दशकात कॉम्प्युटरवर मांडला तो.

पाथर्डीफाटा

मग हॉर्नेटपुढे माझ्या एफ-१६ ने काय करायचं? तो मला वळणात खातो म्हणजे माझं विमान खराब का?

रात्रपाळी

विमान उत्तम आहे, तू त्याच्या घरात जाऊन भांडतोयस.

हे जरा नीट वाच. दोघं समोरासमोरून डाव्या बाजूने पास झालात. दोघांनीही डावीकडे वळण घेतलं तर तू तिकडे, तो इकडे, दोन वेगळी वर्तुळं तयार होतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या शेपटीकडे निघतो. ही टू-सर्कल. इथे कोण लवकर चक्कर पूर्ण करतो, म्हणजे दर, तो जिंकतो. पण तू डावीकडे वळलास आणि तो त्याच्या उजवीकडे वळला तर दोघं एकाच बाजूला आलात, नाकासमोर नाक, ही वन-सर्कल. इथे दर नाही, त्रिज्या चालते, जो हळू होऊन लहान वर्तुळ काढतो आणि नाक आधी फिरवतो त्याचं काम होतं. हॉर्नेट हळू वेगात नाक कुठेही फिरवतं, ते त्याचं घर. एफ-१६ वेग टिकवून सतत वळत राहण्यात बाप आहे. तुझा मित्र तुला दर वेळी वन-सर्कलमध्ये ओढत असणार आणि तू जोरात स्टिक ओढून, सगळा वेग घालवून, त्याच्याकडे स्वतःच्या पायाने जातोयस.

टॅकव्ह्यू हे सॉफ्टवेअर टाक, स्टार्टर एडिशन फुकट आहे. फ्लाइट रेकॉर्ड होते, मग वरून बघता येतं. मर्जला (समोरासमोर पास होताना) तुझा वेग किती होता आणि एका चक्करनंतर किती राहिला एवढंच बघ आणि इथे लिही.

पाथर्डीफाटा

बघितलं. मर्जला ४८० नॉट्स. एक चक्कर झाल्यावर २३०. बोलायला जागा नाही.

खग्रास

😂😂 भो, ती चक्कर नव्हती, ब्रेक होता

निफाडवाला

वाचतोय, वाखुसा (वाचनखूण साठवली).

तंत्राच्या पुस्तकांत माझी भर नाही, पण इतिहास सोडू नका, कारण नियम कुठून आले ते त्यात आहे. आपल्याकडचं म्हणाल तर पी. व्ही. एस. जगन मोहन आणि समीर चोप्रा या जोडीची दोन पुस्तकं, १९६५ च्या हवाई युद्धावरचं 'द इंडिया-पाकिस्तान एअर वॉर ऑफ १९६५' आणि १९७१ च्या पूर्व आघाडीवरचं 'ईगल्स ओव्हर बांगलादेश'. दोन्ही बाजूंचे दावे शेजारी ठेवून तपासलेत, आरत्या ओवाळलेल्या नाहीत, म्हणून मला आवडली.

आपल्या हवाईदलाच्या नॅट या लढाऊ जेटचंच बघा. एवढंसं विमान, सेबरपुढे पोर. पण लहान म्हणजे दिसायलाच अवघड, चढाई जबरदस्त, आणि उभ्या दिशेत सेबरला जड जाणारं. ३ सप्टेंबर १९६५ ला ट्रेव्हर कीलर यांना पाकिस्तानी सेबर पाडल्याचं श्रेय मिळालं, १९ तारखेला भाऊ डेन्झिल कीलर यांना. आणि त्याच ३ तारखेला आपलं एक नॅट पसरूरला पाकिस्तानात उतरलं, ते आजही कराचीच्या म्युझियममध्ये आहे, हेही पुस्तकात तितक्याच सरळपणे येतं. पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरची बोयराची २२ नोव्हेंबर १९७१ ची लढत तर वर्गात शिकवावी अशी आहे, २२ स्क्वॉड्रनची चार नॅट, ग्राउंड कंट्रोलरने नेमकं वरून आणि मागून आणून सोडलेली. मॅसी, गणपती, लाझारस या पायलटांची नावं लोकांना माहीत असतात, पण खरी मजा कंट्रोलरने कसं आणून उभं केलं त्यात आहे. पकडलेल्या पाकिस्तानी पायलटांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे त्यांचे हवाईदल प्रमुख झाले.

ओझरकर_काका

निफाडवाले, बरोबर. श्रीनगरचे सेखोन विसरू नका, १४ डिसेंबर १९७१, तेही नॅटवरच, हवाईदलाचं एकमेव परमवीर चक्र.

नवा_भिडू_सिडको

शॉची पीडीएफ कोणाकडे आहे का, लिंक द्या ना प्लीज, पुस्तक लय महाग आहे

खग्रास

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक

स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या लिंका इथे देऊ नयेत. एक प्रतिसाद काढला आहे.

रात्रपाळी

@नवा_भिडू, चोरायची गरजच नाही रे, फुकट आणि कायदेशीर इतकं पडलंय की शॉपर्यंत पोचायला वर्ष जाईल. काकांनी सांगितलेलं ब्लेस. बॉइडचं 'एरियल अटॅक स्टडी', १९६० चं, टाइपरायटरवरचं, वाचायला रूक्ष पण त्या काळात नेलिसवरून सगळीकडे गेलेलं. अमेरिकन नेव्हीच्या ट्रेनिंग कमांडची टी-४५ ट्रेनरसाठीची अभ्यासपुस्तकं त्यांच्याच साइटवर उघडी आहेत, आणि माझ्या मते नवख्यासाठी तीच सर्वात सरळ, कारण ती विद्यार्थ्यासाठी लिहिलेली आहेत, विद्वानासाठी नाही. सेटअप काय, पहिली हालचाल काय, नेहमीची चूक कोणती, संपलं. आणि सी. आर. अँडरेगचं 'सिएरा हॉटेल', २००१, अमेरिकन हवाईदलाच्या इतिहास विभागाचं, व्हिएतनामनंतर त्यांनी ट्रेनिंग कसं उलटंपालटं केलं त्यावर. तेही मोकळं.

शॉ मात्र विकत घे. नवं महाग वाटलं तर जुनी प्रत बघ, पुण्याला गेलास तर अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारून ये, मिळेलच असं नाही पण दुसरं काहीतरी हाताला लागतंच.

मेधा_येवला

त्या व्हिएतनामवरून आठवलं, मार्शल मिशेलचं 'क्लॅशेस', १९९७. कोरड्या आवाजात लिहिलंय आणि म्हणूनच अंगावर येतं. अमेरिकेकडे एफ-४ फँटम, मिसाईल, रडार, सगळं. समोर मिग-१७, जुनं, हळू, तोफांचं, पण वळायला चपळ. फँटमच्या सुरुवातीच्या मॉडेल्समध्ये गनच नव्हती कारण डॉगफाइट संपली असं ठरवलं होतं. मग मिसाईल लागेनात, १९६८ ला नेव्हीचा ऑल्ट रिपोर्ट (हे का होतंय ते तपासणारा) आला, मार्च १९६९ ला मिरामारच्या तळावर टॉपगन हे फायटर पायलटांचं स्कूल सुरू झालं. फँटमवाल्यांना तिथे शिकवलं काय, तर मिगबरोबर सपाट वळू नका, उभ्या दिशेत जा, तुमची ताकद इंजिनात आहे. @पाथर्डीफाटा, तुझं आणि हॉर्नेटचं तेच चाललंय बघ.

आणि सगळ्यात जुनं म्हणजे पहिल्या महायुद्धातला जर्मन पायलट बोएल्के याचे आठ नियम, १९१६. आधी फायदा मिळव मग हल्ला कर, सूर्य पाठीशी ठेव, जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नको, तो वरून आला तर पळू नको, त्याच्याकडे वळ. एका पानात मावतात. दोघांनी मिळून एकाच विमानाच्या मागे लागू नका हेही त्यातच आहे, आणि २८ ऑक्टोबर १९१६ ला बोएल्के गेला तो लढाईच्या गर्दीत आपल्याच साथीदाराच्या विमानाशी घासून.

सातपूर_सीएनसी

याच्या जोडीला थॅच वीव्ह वाचा कोणीतरी. जॉन थॅच, अमेरिकन नेव्ही, १९४१. जपानी झिरो विमान आपल्याला वळणात खाणार हे कळल्यावर घरी रात्री टेबलावर काड्या मांडून शोधून काढलं. दोघं शेजारी शेजारी उडायचं, एकाच्या मागे झिरो लागला की दोघांनी एकमेकांकडे वळायचं, मग पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्याच्या तोफेसमोर येतो. मिडवेच्या लढाईत, जून १९४२ मध्ये, खरोखर वापरलं. आपलं विमान कमी पडतंय हे मान्य करून सुरुवात केली म्हणून सुचलं ते. आमच्या ग्रुपमधले सगळे नवीन विमान विकत घेऊन सुरुवात करतात.

खग्रास

बरं चला, मी थोडा मऊ पडतो. पण शॉ १९८५ चा आहे ना? अॅमरॅम (लांब पल्ल्याचं रडारवालं मिसाईल) सेवेत आलं १९९१ ला. आता सर्व्हरवर निम्मी मारामारी ३० मैलांवरून होते, तिथे हाय यो-यो कोणाला करून दाखवायचा? बीव्हीआरला (नजरेपलीकडच्या लढाईला) काय वाचायचं ते सांगा.

रात्रपाळी

रास्त प्रश्न. बीव्हीआरसाठी पुस्तकापेक्षा फाल्कन बीएमएसची मॅन्युअल्स. मूळ फाल्कन ४.० हा १९९८ चा गेम, त्याची प्रत असेल तर बीएमएस मोड फुकट, आणि सोबत येणारे कागद हाच खरा खजिना आहे, खेळला नाहीस तरी वाच.

फाल्कनवरूनच, पीट बोनानीचं 'आर्ट ऑफ द किल', १९९३, फाल्कन ३.० खेळणाऱ्यांसाठी एका एफ-१६ पायलटने लिहिलेलं. धाग्याचा जो प्रश्न आहे त्याचं सर्वात थेट उत्तर खरं तर हेच पुस्तक. टर्न सर्कल म्हणजे काय, शत्रूच्या वर्तुळात शिरायची जागा कुठली, इतकं सोप्यात दुसरीकडे वाचलं नाही. आता छापलं जात नाही, जुनं शोधावं लागतं.

आणि बीव्हीआरमध्ये तत्त्व नवं काही नाही, फक्त भूमिती लांबलचक झाली. नॉच, म्हणजे शत्रूच्या रडारमधून निसटायची युक्ती, घे उदाहरणाला. डॉपलर रडार खाली बघताना जमिनीचा परतावा गाळून टाकतं, कशावरून, तर जवळ येण्याच्या वेगावरून. तू त्याला बरोबर काटकोनात उडालास की तुझा जवळ येण्याचा वेग शून्य, म्हणजे रडारच्या लेखी तू आणि जमीन सारखेच. म्हणून नॉच खालीच करायचा, तुझ्यामागे जमीन असली पाहिजे, वर आकाशात करून उपयोग कमी. हे 'का' कळलं की व्हिडिओतली बटणं पाठ करावी लागत नाहीत.

निफाडवाला

बॉइडचं चरित्र कोणी वाचलंय का? रॉबर्ट कोरम, २००२.

रात्रपाळी

वाचलंय, एका बैठकीत संपतं. नेलिसला येईल त्याला ४० सेकंदांत हरवून दाखवीन म्हणणारा 'फॉर्टी सेकंड बॉइड', साहेबांशी भांडणं, फोनवर तासन्‌तास बोलणं, सगळं मस्त. पण कोरम त्याच्या फार प्रेमात आहे आणि वळण कसं घ्यावं ते त्यात शोधू नकोस. सुट्टीत वाच.

सातपूर_सीएनसी

त्यापेक्षा माइक स्पिकचं 'द एस फॅक्टर', १९८८. जिंकणारे पायलट हाताने नाही, सिच्युएशनल अवेअरनेसने (आजूबाजूला काय चाललंय त्याच्या भानाने) जिंकतात हे पहिल्या महायुद्धापासून पुढे दाखवत आणलंय. पाडले गेलेले बहुतेक, मारणारा त्यांना दिसलाच नव्हता. @खग्रास, सर्व्हरवर तू जे लोक पाडतोस त्यातल्या किती जणांनी तुला बघितलेलं असतं?

खग्रास

कोणीच नाही. मी तेवढ्यासाठीच ढगात बसतो.

सातपूर_सीएनसी

मग न वाचता बोएल्के पाळतोयस की रे.

पाथर्डीफाटा

धन्यवाद सगळ्यांना, माझा क्रम मी असा लावलाय, चुकत असेल तर सांगा. आधी ब्लेस. मग नेव्हीचं टी-४५ वालं, त्यातले ऑफेन्सिव्ह सेटअप, ३००० फूट, ६०००, ९००० असे मिशन एडिटरमध्ये बनवतो, म्हणजे शत्रूच्या मागे तेवढ्या अंतरावर सुरुवात. प्रत्येक फाइटनंतर टॅकव्ह्यू. शॉचं दुसरं-तिसरं प्रकरण त्याच्या जोडीने, एका वेळी एकच विषय. बीव्हीआर सध्या बाजूला. शॉ मागवलंय, पहिलं पार्सल आलं ते कोपरा चेपून भिजलेलं, परत पाठवलं, दुसरं यायचंय.

परवा मर्जनंतर फक्त स्पीड बघत उडालो, ४०० च्या खाली जाऊच दिला नाही आणि त्याच्या वन-सर्कलला हो म्हटलंच नाही, सरळ निघून लांबून परत आलो. जिंकलो नाही. पण इंधन संपेपर्यंत त्याला काही करता आलं नाही आणि तो वैतागून म्हणाला असं काय खेळतोस.

मेधा_येवला

तो वैतागला म्हणजे तू बरोबर खेळलास. पुढच्या वेळी निघून जाण्याआधी तो किती हळू झालाय ते बघ, अगदीच लोळत असेल तर वर जा, त्याला तिथे येता येणार नाही. क्रम ठीक आहे, फक्त ९००० फुटांचा सेटअप आधी करू नकोस. ३००० मध्ये गन आणि पाठलाग बसू दे, ९००० मध्ये खरं काम टर्न सर्कलमध्ये कधी शिरायचं तेच आहे.

नवा_भिडू_सिडको

काका एक विचारू का, आपल्या नाशिकचं म्हणून मिग-२१ घ्यावं का डीसीएसमध्ये? शिकायला कसं आहे

ओझरकर_काका

बाळा, मी काय सांगणार, माझा जीव आहे त्यात. एफएल, एम, बिस, तिन्ही मॉडेल्स आमच्या ओझरला झाली, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिला तो टीव्हीवर बघितला. डीसीएसमध्ये आहे ते बिस. पण शिकायला नको घेऊ. डेल्टा पंख आहे, जोरात ओढलं की नाक फिरतं आणि वेग पाण्यासारखा जातो, कॉकपिटमधून मागचं काही दिसत नाही, इंधन थोडं. यात जिंकायला आधीपासून सगळं यावं लागतं. एकदा आफ्टरबर्नरने वर जाऊन, एक फेरी मारून, घरी. दुसरी फेरी मारायला गेला तो फसला.

मेधा_येवला

@नवा_भिडू, पैसे घालूच नकोस एवढ्यात. डीसीएससोबत टीएफ-५१ हे विमान फुकट येतं, त्याला गन नाही, तेच बरं. एक मित्र पकड, दोघं तेच विमान घ्या, दहा हजार फुटांवर समोरासमोरून पास व्हा आणि समोरच्याच्या शेपटीमागे सलग दहा सेकंद राहून दाखवा, एवढाच खेळ. ते जमलं की बहुतेक मॉड्यूल्सचं १४ दिवसांचं ट्रायल मिळतं, त्यात मिग पण उडवून बघ आणि काकांना सांग कसं वाटलं ते.

नवा_भिडू_सिडको

ओके ताई. जॉयस्टिक कुठली घेऊ?

संपादक

जॉयस्टिकसाठी वेगळा धागा आहे, तिकडे विचारावे.